हरवलेल्या शिक्क्याचे बारा ठसे : स्मरणिकेच्या कामाच्या नोंदी

३ ऑगस्ट २०२५

पुण्याच्या सदाशिव पेठेतील एका जुन्या वाचनालयाच्या स्मरणिकेचे मुखपृष्ठ आणि आतील बारा प्रकरणांची पहिली पाने तयार करण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. वाचनालयाचा लंबगोल रबरी शिक्का बऱ्याच वर्षांपूर्वी गहाळ झाला असून आता उरले आहेत ते फक्त जुन्या पुस्तकांवर उमटलेले त्याचे जांभळे ठसे. कार्यकारिणीची मागणी अशी आहे की, प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर तोच शिक्का दिसावा, मात्र तो बारा वेगवेगळ्या दिवशी मारलेला वाटावा. एकच चित्र बारा वेळा चिकटवलेले चालणार नाही.

काम गिम्प ३.० या चित्र-संपादनाच्या संगणकप्रणालीत करायचे ठरवले आहे. मार्च २०२५ मध्ये आलेल्या या आवृत्तीत फिल्टर (चित्रावरचा परिणाम) लेयरवर, म्हणजे चित्राच्या एका थरावर, कायमचा न बसवता मागाहून बदलता येतो, आणि बारा ठसे वेगवेगळे करताना ही सोय फार मोलाची ठरेल. लंबगोल आखण्यासाठी इंकस्केप ही रेषाचित्रांची प्रणाली वापरेन.

संध्याकाळी नेहमीच्या पद्धतीने एक नमुना करून पाहिला. मजकूर टाइप केला, भोवती दुहेरी रेघ काढली, जांभळा रंग दिला आणि वरून नॉइज टाकून ठिपके उडवले. जे दिसले ते भिंतीवरच्या पोपडे आलेल्या रंगासारखे होते. त्याला शिक्क्याचा ठसा म्हणता येणार नाही. ठिपके सगळीकडे सारखे पडले होते आणि कोणत्याही ठिपक्याला तिथे असण्याचे काही कारण नव्हते. त्यामुळे संगणक बाजूला ठेवून आधी खरे ठसे पाहायचे ठरवले.

५ ऑगस्ट

वाचनालयात चार तास बसून चौदा पुस्तकांवरील ठसे १२०० डीपीआयवर (इंचाला १२०० ठिपके) स्कॅन केले. ग्रंथपाल बाईंनी स्वतः कपाटे उघडून पुस्तके काढून दिली. शिक्का मुख्य पानावर असतोच, शिवाय आतल्या एका ठरावीक पानावरही असतो, म्हणजे कोणी पहिले पान फाडले तरी पुस्तक कोणाचे ते कळते. ते ठरावीक पान कोणते, हे मी इथे लिहीत नाही.

शिक्का कसा मारला जाई, हे त्यांनी हातानेच करून दाखवले. “पॅडवर दोनदा टेकवायचा, मग रद्दीवर एकदा मारायचा, आणि मगच पुस्तकावर. पानाखाली वर्तमानपत्राची घडी हवी, नाहीतर मधली अक्षरं उठत नाहीत,” असे त्या म्हणाल्या. चौदापैकी तीन ठशांत मधला ‘दाखल क्रमांक’ जवळपास पुसट आहे. ते घाईत, उघड्या टेबलावर मारलेले असणार, हे या एका वाक्यामुळे उलगडले.

६ ऑगस्ट

आजचा पूर्ण दिवस स्कॅन मोठे करून पाहण्यात गेला, आणि या कामातला आतापर्यंतचा सर्वांत उपयोगी दिवस हाच.

पहिली गोष्ट कडांची. प्रत्येक जाड रेघेच्या कडेला शाईची एक गडद किनार आहे आणि आतला भाग तिच्यापेक्षा फिकट आहे. रबर दाबले की त्यावरची शाई बाहेरच्या बाजूला सरकते आणि कडेला साचते. किनारीची रुंदी साधारण ०.१५ मिलिमीटर भरली. पांढरे ठिपके जवळजवळ सगळे या किनारीच्या आत आहेत, किनारीवर फारच थोडे. माझ्या परवाच्या नमुन्यात ठिपक्यांनी आधी कडाच कुरतडल्या होत्या. तो नमुना खोटा दिसण्याचे हे मुख्य कारण होते.

दुसरी गोष्ट दाबाची. बहुतेक ठशांत एक बाजू गडद आणि समोरची फिकट आहे. गडद बाजूला अक्षरे जाड झाली आहेत, ‘ध’ची गाठ शाईने भरून गेली आहे, अनुस्वार शेजारच्या वेलांटीला चिकटला आहे. फिकट बाजूला अक्षरे बारीक आहेत आणि त्यांच्या पोटात कागदाचे तंतू दिसतात. म्हणजे जाडी, भरलेल्या गाठी आणि ठिपके हे तीन वेगळे ‘परिणाम’ नाहीत. एकाच दाबाच्या त्या तीन खुणा आहेत, आणि त्या एकमेकींशी जुळलेल्याच असल्या पाहिजेत.

तिसरी गोष्ट दुपारी उशिरा लक्षात आली. बाहेरच्या जाड रेघेत, उजवीकडे खाली, घड्याळात चारचा आकडा असतो त्या जागी एक बारीक तुटकी जागा आहे, आणि ती चौदाही ठशांत अगदी तिथेच आहे. शिक्का तिरका मारलेला असेल तिथे तीही त्याच्याबरोबर तिरकी झाली आहे. तिथे रबराचा टवका उडालेला होता. बाकीचे सगळे दोष मात्र दर ठशाला बदललेले आहेत.

यावरून कामाची मांडणी ठरली. काही दोष रबराचे आहेत. ते बाराही ठशांत जसेच्या तसे असले पाहिजेत. काही दोष हाताचे आणि कागदाचे आहेत. ते दर वेळी नवे असले पाहिजेत. गिम्पमध्ये दोन लेयर ग्रुप करायचे, एकाचे नाव ‘रबर’ आणि दुसऱ्याचे ‘आघात’. पहिल्याला एकदा पूर्ण झाल्यावर हात लावायचा नाही.

८ ऑगस्ट

‘रबर’ ग्रुपचे काम सुरू केले. स्कॅनवरून मोजलेली मापे अशी : बाहेरची लांबी ४६ मिलिमीटर, रुंदी २८ मिलिमीटर, बाहेरची रेघ ०.९ मिलिमीटर, आतली ०.३५ मिलिमीटर. १२०० डीपीआयवर हा लंबगोल २१७३ बाय १३२३ पिक्सेलचा होतो आणि दोन रेघा अनुक्रमे ४३ व १७ पिक्सेलच्या होतात. फिरवायला जागा हवी म्हणून कॅनव्हास ३००० बाय २००० घेतला.

देवनागरी मजकूर कमानीवर बसवताना शिरोरेघेचा प्रश्न येतो. इंकस्केपमध्ये मजकूर पाथवर, म्हणजे आखलेल्या वक्र रेषेवर, ठेवला की प्रत्येक अक्षर न वाकता अख्खे फिरते, त्यामुळे शिरोरेघ जागोजागी मोडून तिचे लहान लहान सरळ तुकडे होतात. गिम्पचे ‘टेक्स्ट अलाँग पाथ’ अक्षरांची बाह्यरेषाच पाथबरोबर वाकवते, त्यामुळे शिरोरेघ अखंड, कमानीसारखी येते. रोमन लिपीत असे वाकवणे कोणालाही खुपेल, पण आपल्या लिपीला तेच हवे आहे. म्हणून इंकस्केपमध्ये फक्त लंबगोल काढला, त्याची सुरुवात डाव्या टोकाला येईल असा तो तोडून घेतला आणि एसव्हीजी या रेषाचित्राच्या फाइलच्या रूपात गिम्पमध्ये आणला.

मात्र वाकवण्याची किंमत मोजावी लागते. अक्षरांची तळरेषा ज्या लंबगोलावर आहे त्याचा अर्धा मोठा अक्ष १८ मिलिमीटर आणि अर्धा छोटा अक्ष ९ मिलिमीटर आहे. त्याच्या माथ्यावर वक्रतेची त्रिज्या ३६ मिलिमीटर पडते, तर दोन्ही टोकांना फक्त साडेचार. अक्षराची उंची ३ मिलिमीटर धरली, तर माथ्यावर शिरोरेघ जेमतेम ८ टक्के ताणली जाते, पण टोकाजवळ ती ६७ टक्के ताणली जाते आणि अक्षर पंख्यासारखे उघडते. माझ्या पहिल्या प्रयत्नात ‘वाचनालय’मधला ‘वा’ असाच फुलून बसला होता. मग मूळ ठसा पुन्हा पाहिला. तिथे मजकूर टोकापर्यंत जातच नाही; दोन्ही टोकांना एकेक लहान चांदणी आहे. लंबगोल शिक्क्यांवरच्या या चांदण्या आजवर मी निव्वळ सजावट समजत होतो. ज्या जागेत अक्षर नीट बसू शकत नाही ती जागा त्या भरून काढतात, हे आज स्वतः अडखळल्यावर समजले. मजकूर आखडता घेतला, चांदण्या बसवल्या, आणि अक्षरे शहाण्यासारखी उभी राहिली.

खालच्या कमानीत ‘सदाशिव पेठ, पुणे ३०’ असा मजकूर आहे. तिथे अक्षरांची डोकी आतल्या बाजूला असतात, त्यामुळे उलटे घडते : शिरोरेघ आक्रसते आणि अक्षरे एकमेकांना भिडतात. त्या ओळीत अक्षरांमधले अंतर वाढवावे लागले.

९ ऑगस्ट

ठशातला ‘ल’ पाकळीयुक्त (मराठी वळणाचा) आहे, माझा मात्र दंडयुक्त (हिंदी वळणाचा) आला होता. टेक्स्ट टूलच्या पर्यायांत भाषा ‘मराठी’ केल्यावर, फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरे असतील तर ती आपोआप येतात. ‘ल’ आणि ‘श’ दोन्ही सुधारले. मराठी मजकुराचे काम करणाऱ्या प्रत्येकाने हा पर्याय एकदा तरी तपासावा, कारण फॉन्ट बरोबर असूनही अक्षर परके दिसण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

१० ऑगस्ट

छापील अक्षराच्या कडा कापल्यासारख्या टोकदार असतात, रबरात कोरलेल्या अक्षराच्या तशा नसतात. म्हणून पूर्ण चित्राला ६ पिक्सेलचा गॉशियन ब्लर देऊन वर थ्रेशोल्ड लावला, मर्यादा १२७ : ० (काळा) ते २५५ (पांढरा) या मापात त्याहून उजळ ते सारे पांढरे, बाकी सारे काळे. धूसर झालेली कड पुन्हा स्पष्ट होते, पण कोपरे गोलसर राहतात. नंतर पांढऱ्या ब्रशने चारच्या जागी टवका काढला. त्याचा आकार चौदा स्कॅन एकमेकांवर ठेवून घेतला आहे, अंदाजाने नाही. ‘रबर’ ग्रुप इथे पूर्ण झाला.

१२ ऑगस्ट

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानातून ‘आवक’ असा तयार रबरी शिक्का आणि जांभळ्या शाईचे पॅड आणले. शिक्का लाकडी मुठीचा, साधाच आहे. चार प्रकारच्या कागदांवर साठ ठसे मारले : मुखपृष्ठाचा जाड खडबडीत कागद, आतल्या पानांचा कागद, गुळगुळीत आर्ट पेपर आणि वर्तमानपत्र.

आर्ट पेपरवर शाई वरच राहते, बोट लागले की पसरते आणि कागदाचे तंतू अजिबात दिसत नाहीत. वर्तमानपत्रावर ती फुटते. आजची हवा दमट असल्यामुळे कागद ओलसर होते, आणि आतल्या पानांच्या कागदावरही शाई नेहमीपेक्षा थोडी जास्त फुटली असावी. म्हणून या ठशांची मापे प्रमाण मानायची नाहीत, फक्त स्वभाव पाहायचा.

चार्ल्स गुडइयरच्या व्हल्कनीकरणाच्या (रबर गंधकासह तापवून पक्के करण्याच्या) १८४४ च्या पेटंटनंतर रबर टिकाऊ झाले आणि पुढे त्याचे शिक्के निघाले. त्याआधीच्या मुद्रा धातूच्या. आपल्याकडे पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब (समाप्तीची मुद्रा) होत असे, त्यावरूनच ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आला. धातू कागदापुढे झुकत नाही, रबर झुकते, आणि मी ज्या खुणा गोळा करत आहे त्यांतल्या निम्म्या या झुकण्यातून आलेल्या आहेत.

१५ ऑगस्ट

सुटीचा पूर्ण दिवस ‘आघात’ ग्रुपला दिला. रचना लिहून ठेवतो, कारण ती पुन्हा लागणार आहे.

सर्वांत खाली ‘रबर’ची प्रत, तिला ब्लर दिलेला. तिच्यावर दाबाचा लेयर आणि त्याच्यावर कागदाचा लेयर, दोन्ही ‘ग्रेन मर्ज’ या मिश्रणपद्धतीत. या पद्धतीत ५० टक्के राखाडीचा (१२८) परिणाम शून्य असतो. त्याहून उजळ रंग खालचे चित्र उजळवतो, त्याहून गडद रंग ते गडद करतो. शेवटी ‘न्यू फ्रॉम व्हिजिबल’ने एकत्र लेयर घेऊन त्यावर एकच थ्रेशोल्ड.

दाबाचा लेयर म्हणजे गडद बाजूला ९० आणि फिकट बाजूला २३० असा तिरका ग्रेडियंट (हळूहळू बदलत जाणारी छटा), त्यात मोठ्या आकाराचा सॉलिड नॉइज (ढगांसारखा अनियमित पोत) थोडासा मिसळलेला. कागदाचा लेयर म्हणजे मुखपृष्ठाच्या कोऱ्या कागदाचा स्कॅन. त्याच्या लेव्हल्समध्ये (उजेड-अंधाराच्या मर्यादा ठरवण्याच्या सोयीत) आउटपुटची खालची मर्यादा १२८ आणि वरची २०० ठेवली. खालची मर्यादा १२८ ठेवण्याला कारण आहे. कागदाचा खळगा शाई नाकारू शकतो, पण जिथे रबरच नाही तिथे तो शाई आणू शकत नाही. या लेयरला ५० टक्क्यांहून गडद होऊ दिले, तर कोऱ्या भागाजवळ निष्कारण काळे कण उगवतात.

आता जे घडते ते पाहून मनापासून आनंद झाला. दाब एकटा अक्षराच्या गाभ्यातली शाई उडवू शकत नाही, कारण २३० ची भर, म्हणजे १२८ च्या वरचे १०२, थ्रेशोल्डच्या १२७ या मर्यादेपर्यंत पोहोचत नाही. कागदाचा खळगाही एकटा उडवू शकत नाही. दाब कमी आणि खाली खळगा, असे दोन्ही जुळले तरच पांढरा ठिपका पडतो. गडद बाजूला तोच ग्रेडियंट धूसर कडा बाहेर सरकवतो, अक्षरे जाड होतात आणि ‘ध’ची गाठ आपोआप भरते. सहा तारखेला कागदावर पाहिलेल्या तीन खुणा इथे एकाच कारणातून येत आहेत. एकही खूण वेगळी चिकटवावी लागली नाही.

किनारीसाठी ‘रबर’चे सिलेक्शन घेऊन ते ७ पिक्सेल आत श्रिंक केले (आकसवले), किंचित फेदर दिले (कड मऊ केली) आणि कागदाच्या लेयरला त्याचा मास्क लावला, म्हणजे त्या भागाबाहेर तो लेयर झाकला. ७ पिक्सेल म्हणजे ०.१५ मिलिमीटर. ठिपके आता किनारीच्या आतच राहतात.

१६ ऑगस्ट

कालच्या नमुन्यात चूक सापडली. फिकट बाजूला आतली बारीक रेघ पूर्ण नाहीशी झाली आहे आणि चांदणी मात्र ठळक आहे. मूळ ठशांत याच्या उलट दिसते : बारीक रेघ फिकट बाजूलाही टिकते, कारण हाताचा दाब तिच्या थोड्याशा क्षेत्रावर एकवटतो, आणि चांदणीच्या भरीव पोटावर तोच दाब विभागला जाऊन ती पुसट होते.

दोष ब्लरचा होता. कोपरे गोल करायला वापरलेला ६ पिक्सेलचा ब्लर मी आघातालाही तसाच दिला होता, आणि १७ पिक्सेलची रेघ त्यात विरघळून गेली. तो ३ पिक्सेल केल्यावर रेघ बारीक झाली पण तुटली नाही. चांदणीसाठी दाबाच्या लेयरवर त्या जागी मऊ ब्रशने हलका उजळ डाग दिला.

१७ ऑगस्ट

बारा आघात तयार. प्रत्येकात ग्रेडियंटची दिशा वेगळी, शिक्क्याचा तिरकेपणा २ ते ६ अंश, कागदाचा लेयर वेगळ्या जागी सरकवलेला. दोन पथ्ये पाळली. शिक्का फिरवायचा तो थ्रेशोल्डच्या आधी, नाहीतर कडा पायऱ्यापायऱ्यांच्या होतात. आणि शिक्का फिरवताना कागद फिरवायचा नाही, तो जागच्या जागी राहतो. दोन ठसे टेबलावर मारल्यासारखे, मध्ये पुसट ठेवले आहेत.

१९ ऑगस्ट

छापखान्यातून पहिले प्रूफ आले आणि निराशा झाली. मी चार रंगांच्या छपाईसाठी फाइल दिली होती. जांभळा रंग निळसर उतरला, आणि त्याहून वाईट म्हणजे कडा मऊ झाल्या. १५० रेषांच्या स्क्रीनवर (छटा ठिपक्यांत मोडणाऱ्या, इंचाला १५० रेषांच्या जाळीवर) छपाईचा एक ठिपका सुमारे ०.१७ मिलिमीटरचा असतो. माझी शाईची किनार त्याहून अरुंद आहे. इतक्या दिवसांचे बारीक काम त्या जाळीत अडकून पडले. फाइल देण्यापूर्वी हा हिशेब मी करायला हवा होता. तो करायला दोन मिनिटेही लागली नसती.

२१ ऑगस्ट

छापखान्याच्या मालकांशी बसून मार्ग काढला. स्मरणिका काळ्या आणि जांभळ्या अशा दोनच शायांत छापायची. जांभळी शाई ते स्वतः मिसळून देणार आहेत. शिक्क्याची प्लेट निव्वळ रेषाचित्र म्हणून करायची, तिला स्क्रीनच लावायची नाही. ‘आघात’ची रचना शेवटी थ्रेशोल्डवर थांबत असल्यामुळे चित्रात राखाडी छटा मुळातच नाहीत, हे इथे कामी आले. इमेज मोड ‘इंडेक्स्ड’ करून एक बिट काळा-पांढरा केला आणि टिफमध्ये, सीसीआयटीटी ग्रुप ४ या तपशील न गमावणाऱ्या कॉम्प्रेशनसह, १२०० डीपीआयवर बाराही फाइली दिल्या. यापुढे कडा बिघडवणारे जेपीईजी कुठेही वापरायचे नाही, असे दोघांनीही ठरवले.

किनारीची गडद छटा एका शाईत दाखवता येत नाही, हे मान्य करावे लागले. पण आतल्या भागात ठिपके आणि कडेला भरीव शाई असल्यामुळे हातभर अंतरावरून डोळ्याला किनार गडदच वाटते.

२३ ऑगस्ट

कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी सुचवले की, मागच्या पानावर राजमुद्रेसह, म्हणजे राष्ट्रीय बोधचिन्हासह, एखादा सरकारी मान्यतेचा शिक्काही असाच करून टाकावा, शोभून दिसेल. मी नम्रपणे नकार दिला. राष्ट्रीय बोधचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी दुसऱ्याच्या अधिकाराचा ठसा आपण उमटवू नये असे मला वाटते. वाचनालयाचा शिक्का वाचनालयाचा आहे, म्हणून तो मी करतो आहे. त्यांनी ते लगेच मान्य केले. सावधगिरी म्हणून बाराही ठशांत ‘दाखल क्रमांक’च्या जागी ‘स्मरणिका’ हा शब्द टाकला, म्हणजे कोणी तो कापून दुसरीकडे वापरू शकणार नाही.

२५ ऑगस्ट

दुसरे प्रूफ उत्तम. परवा गणपती बसणार असल्यामुळे छपाई विसर्जनानंतर सुरू होईल.

११ सप्टेंबर

छापलेले पहिले फर्मे (पानांचे मोठे छापील ताव) घेऊन वाचनालयात गेलो. ग्रंथपाल बाईंनी भिंग मागितले, एक जुने पुस्तक शेजारी उघडून ठेवले आणि सर्वांत आधी चारच्या जागचा टवका शोधला. मग एकेक करून बाराही ठशांत तो आहे का ते पाहिले. सातव्या प्रकरणावरचा ठसा त्यांनी “हा घाईत मारलेला” म्हणून बाजूला काढला. तो टेबलावरच्या दोनपैकी एक होता.

निघताना त्यांनी विचारले की, याच फाइलवरून खरा शिक्का करून मिळेल का, कारण नवी पुस्तके तीन वर्षांपासून नुसत्या चौकोनी शिक्क्यावर दाखल होत आहेत. घरी येऊन ‘रबर’ ग्रुप वेगळा सेव्ह केला, ‘स्मरणिका’ काढून ‘दाखल क्रमांक’ परत टाकला, आणि टवका भरून बाहेरची रेघ अखंड केली. तो त्या जुन्या रबराचा होता. ४६ बाय २८ मिलिमीटर, १२०० डीपीआय, एक बिट. उद्या फाइल शिक्केवाल्याकडे देणार आहे.